आमच्या थांब्यावर बसच्या वेळा लागल्या, त्याची हकीकत

गोव्यातल्या फोंडा शहराच्या कडेला, पंचायतीच्या हद्दीत आमचा वाडा आहे. आमच्या बसथांब्यावर आता बसच्या वेळांचा फलक आहे, थांब्याची जागा सरकारी आदेशात नोंदलेली आहे आणि फोंडा स्टँडवरून रात्री आठ वाजता आमच्या वाटेने कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी बस महामंडळाची, एक फेरी सुटते. एवढं व्हायला सप्टेंबर 2023 पासून मार्च 2025 पर्यंतचा काळ गेला. आमच्यातलं कुणी पुढारी नाही, वकील नाही. कोणत्या कार्यालयात आधी जायचं आणि काय मागायचं हे सांगणारं कुणी भेटलं असतं तर बराच वेळ वाचला असता. गोव्यात असे थांबे पुष्कळ आहेत, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते.

आधी आमची अडचण सांगते. पणजीहून फोंड्याला यायला रात्री बऱ्यापैकी उशिरापर्यंत बस मिळते. प्रश्न असतो तो फोंड्याच्या पुढचा. स्टँडपासून आमचा वाडा पाचेक किलोमीटर. त्या वाटेला खासगी मिनीबस चालतात, आणि संध्याकाळी सव्वासातनंतर त्या दिसत नाहीत. मग पायलट, म्हणजे भाड्याची मोटारसायकल, किंवा रिक्षा. रिक्षाला रात्रीचे दीडशे रुपये जातात, आणि पायलटच्या मागे बसून अंधारातून यायचं धाडस सगळ्याच बायकांना होत नाही. बाजारातल्या कापडाच्या दुकानात काम करणारी आमची एक शेजारीण रोज सात वाजताच निघायची. दुकान साडेआठला बंद होतं, त्यामुळे तिचा पगार इतरांपेक्षा कमी धरलेला होता. माझा मुलगा अठरा पूर्ण झाल्या झाल्या स्कूटर मागू लागला होता. फर्मागुढीला क्लासहून परतायला बस नाही म्हटल्यावर त्याला नाही तरी कशी म्हणणार? स्कूटर घ्यायची म्हणजे लाखाच्या आसपास खर्च, आणि रोजची काळजी वेगळी. गोव्याच्या रस्त्यांवर वर्षाला अडीचशेहून जास्त माणसं मरतात, त्यात सर्वांत जास्त दुचाकीवाले असतात. 2011 च्या जनगणनेत आपली लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. आज नोंदवलेल्या गाड्यांचा आकडा त्याहून मोठा आहे. यातल्या कितीतरी गाड्या हौसेने घेतलेल्या नाहीत. संध्याकाळी घरी परतायचा दुसरा मार्ग नव्हता म्हणून त्या दारात आल्या.

2023 ची चतुर्थी सप्टेंबरात होती. विसर्जनं आटोपल्यावर देवळाच्या मंडपात आम्ही काहीजण बसलो. बहुतेक बायका, तीन-चार कॉलेजची मुलं आणि वाड्यावरचे एक काका, जे सरकारी कारकुनीतून निवृत्त झाले आहेत. आमदारांना निवेदन देऊया, असा सूर होता. काकांनी मान हलवली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस गोव्यातल्या विद्यार्थ्यांनी बसच्या अर्ध्या तिकिटासाठी आंदोलन केलं, तेव्हा ते कॉलेजात होते आणि त्यात उतरले होते. कदंब वाहतूक महामंडळ 1980 साली उभं राहिलं ते त्या धामधुमीनंतर. काका म्हणाले, "आमी रस्त्यार देंवले, पूण मागणें एका वळींत सांगपासारकें आशिल्लें. तुमचें मागणें कितें?" आम्हाला ते एका वाक्यात सांगता येईना. बस नाही म्हणजे नक्की कोणती नाही, कधी नाही, आधी होती का, हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं.

म्हणून पहिलं काम ठरलं नोंदीचं. कागदावर रकाने आखले: वेळ, कोणत्या बाजूने आली, कदंब की खासगी, थांबली की पुढे गेली, उभं राहायला जागा होती का. सकाळच्या नोंदी कामाला जाणाऱ्या बायकांनी केल्या, दुपारच्या शाळेतून येणाऱ्या मुलांनी, आणि संध्याकाळच्या थांब्याजवळ चहा-भजीचा गाडा लावणाऱ्या बाईंनी. त्या तशाही तिथेच असतात. हे काम ऑक्टोबरभर चाललं. चित्र असं निघालं: सकाळी सव्वासात ते साडेआठ गाड्यांवर गाड्या, कधी दोन एकमेकींच्या मागे लागलेल्या. अकरा ते एक जवळजवळ काहीच नाही. दीड वाजता शाळा सुटतात तेव्हा गच्च भरलेली एक, ती कधी थांबते, कधी नाही. आणि सव्वासातनंतर शुकशुकाट. तुम्हाला असं काही करायचं असेल तर सुट्टीच्या दिवसांच्या नोंदी वेगळ्या ठेवा. रविवारचं चित्र अगदी निराळं असतं, एकत्र केलं की दोन्ही बिघडतात.

दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या मध्यावर, वाहतूक खात्याकडे माहिती हक्काचा अर्ज केला. अर्ज मराठीतून लिहिला. मी "संध्याकाळच्या फेऱ्या का होत नाहीत" असा प्रश्न घालणार होते. काकांनी तिथेच थांबवलं: "प्रस्न विचारूं नाकात, कागद मागात." 2005 च्या कायद्याखाली कार्यालयाने त्याच्याकडे असलेली कागदपत्रं द्यायची असतात. कारणं शोधून द्यायला ते बांधील नसतं. तेव्हा आम्ही दोनच गोष्टी मागितल्या: आमच्या मार्गावरच्या सर्व खासगी प्रवासी बस परवान्यांच्या प्रती, आणि त्या प्रत्येक परवान्याला जोडलेलं मंजूर वेळापत्रक. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावला. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. हा शिक्का न घेता कुठल्याही खिडकीवरून हलू नका, पुढे प्रत्येक ठिकाणी तोच क्रमांक विचारतात. कदंब ही वेगळी संस्था, तिच्या फेऱ्यांची माहिती तिच्याचकडे मागावी लागते, म्हणून दुसरा अर्ज तिथे दिला.

अर्जातला काही भाग दुसऱ्या कार्यालयाशी संबंधित निघाला. कलम 6(3) प्रमाणे तो पाच दिवसांत तिकडे वर्ग होतो आणि तसं पत्र आपल्याला येतं. घाबरायचं कारण नाही, नवा अर्ज करावा लागत नाही. तीस दिवसांची मुदत डिसेंबरच्या मध्याला संपत होती, त्याआधीच पैसे भरण्याचं पत्र आलं: दर पानाला दोन रुपये. चाळीसेक पानं झाली. ऐंशी-नव्वद रुपयांत आमच्या रस्त्याची सगळी कुंडली हातात आली.

ती पानं आम्ही माझ्या घरी जमिनीवर पसरून वाचली. त्या संध्याकाळी फार वाईट वाटलं आणि अंगात बळही आलं. कागदावर आमच्या वाटेला रात्रीच्या फेऱ्या होत्या. एक सात पंचेचाळीसची, एक आठ दहाची. परवान्यात नोंदलेल्या, मंजूर झालेल्या. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 72 सांगतं की परवाना देताना फेऱ्यांची संख्या, वेळापत्रक, त्यात किती मागेपुढे चालेल अशा अटी घालता येतात. मंजूर वेळापत्रकाची प्रत गाडीत आणि ठरलेल्या थांब्यांवर लावण्याची अटही त्यात येते. म्हणजे बसच्या वेळा हा सार्वजनिक कागद आहे. आमच्या तीन पिढ्या त्या थांब्यावर "येतली आतां" म्हणत उभ्या राहिल्या आणि तो कागद कपाटात होता.

आता पुढे काय, यावर आमच्यात दोन मतं पडली. कलम 86 खाली परवान्याच्या अटी मोडल्यास परवाना निलंबित होऊ शकतो. मुलांचं म्हणणं, सरळ तक्रार करूया. मला ते पटत नव्हतं. शेवटी आधी बसवाल्यांशी बोलायचं ठरलं. एका मिनीबसचे मालक स्वतःच गाडी चालवतात. दुपारी गाडी उभी असताना आम्ही तिघी त्यांना भेटलो. त्यांनी काही लपवलं नाही. "आठांच्या फेरयेक पांच-सात जाण मेळटात. डिझेलाचे पयशे कोण दितलो?" पहाटे साडेपाचला त्यांचा दिवस सुरू होतो. कोविडनंतर कंडक्टर टिकत नाही. त्यांच्या ओळखीच्या दोघांनी गाड्या विकून टाकल्या. शेवटची फेरी रोज तोट्यात जाते, म्हणून ती आधी अधूनमधून आणि मग कायमची बंद झाली. बस नाही म्हणून माणसं स्कूटर घेतात, आणि माणसं स्कूटरवर गेली म्हणून बस परवडत नाही. परवाना निलंबित करून घेतला असता तर आमची सकाळचीही बस गेली असती. तक्रार करायची नाही हा निर्णय मला आजही योग्य वाटतो. खासगी बसवाला हा आपल्या गावच्या वाहतुकीचा कणा आहे. तोट्याची फेरी त्याने एकट्याने सोसावी अशी अपेक्षा ठेवून काही टिकाऊ उभं राहणार नाही.

मग मागणी दोन भागांची झाली. थांबा अधिकृत करून तिथे वेळा लावणे, आणि रात्रीची फेरी कदंबकडे मागणे.

जानेवारी 2024 मधल्या एका रविवारी ग्रामसभा होती. विषय लेखी आणि आधी द्यावा लागतो, तो आम्ही पंचायत सचिवांकडे देऊन पोच घेतली होती. सभेत आधी कचरा, मग घरपट्टी, मग एका बांधकामावरून बरीच वादावादी. आमचा विषय येईपर्यंत दीड वाजून गेला होता आणि अर्ध्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. आमच्या बायका मात्र जेवणं टाकून बसून राहिल्या. कापडाच्या दुकानातल्या शेजारणीने आयुष्यात पहिल्यांदा माइक हातात घेतला. सात वाजता निघावं लागतं म्हणून महिन्याला किती रुपये कमी मिळतात एवढंच तिने सांगितलं आणि खाली बसली. त्यानंतर कुणी विरोधात बोललं नाही.

ठरावाबाबत एक गोष्ट आवर्जून सांगते. "बस सेवा सुधारावी" असा ठराव घेऊ नका, त्यावर कुणालाच काही करता येत नाही. आम्ही मसुदा लिहून नेला होता: थांबा कुठे हवा, फलकावर काय हवं, फेरी किती वाजता कुठून कुठे हवी, आणि ठरावाची प्रत कोणाकोणाला पाठवायची. सूचक, अनुमोदक यांची नावं लिहून घ्या. इतिवृत्तात जे लिहिलं जातंय ते तिथेच मोठ्याने वाचायला सांगा. सचिवांनी ते आनंदाने केलं. प्रमाणित प्रत फेब्रुवारीत हातात पडली.

थांब्याची जागा कोण ठरवतं, हा आमच्यासाठी सगळ्यांत गोंधळाचा भाग होता. पंचायत निवारा बांधू शकते, रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, बस वाहतूक खात्याच्या परवान्यावर, आणि गाड्या कुठे थांबायच्या हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 117 खाली ठरतं. आमच्याकडे त्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा आदेश निघतो. फोंडा तालुका 2015 पासून दक्षिण गोव्यात आहे, म्हणजे अर्ज मडगावला. बोरीच्या पुलावरून बस पकडायची, मडगावच्या कदंब स्टँडवर उतरायचं आणि माथानी साल्ढाणा प्रशासकीय संकुलापर्यंत चालत जायचं. अर्जाला शुल्क नाही. सोबत ठरावाची प्रत, आमच्या नोंदींचा गोषवारा, जागेचा हाताने काढलेला नकाशा आणि चार फोटो जोडले. अर्जात एक ओळ 2006 च्या राष्ट्रीय शहरी परिवहन धोरणाची घातली. रस्त्यावरच्या जागेचा विचार वाहनांपेक्षा माणसांसाठी व्हावा, असं ते धोरण सांगतं. आमच्या थांब्यावर उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना हे तत्त्व लागू होतं, हे लिहिताना मला बरं वाटलं.

अर्ज आत गेला की तो अहवालांसाठी तीन दिशांना जातो: वाहतूक पोलीस, सार्वजनिक बांधकाम खातं आणि वाहतूक खातं. तिघांचं म्हणणं आलं की संयुक्त पाहणी. आमची पाहणी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात व्हायची होती. 16 मार्च 2024 ला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. गोव्यात मतदान 7 मेला झालं, पण आचारसंहिता 6 जूनपर्यंत होती. तोवर नवं काही होणार नव्हतं. त्या काळात फार निराश व्हायला झालं. व्हॉट्सअ‍ॅप गटावरचे मेसेज बंद पडले, दोघीतिघी बाहेर पडल्या, एका घरात स्कूटर आली. आमच्याही घरात तो विषय रोज निघत होता. मुलाला मी वर्षअखेरपर्यंत थांबायला सांगितलं. तो थांबला, पण खुशीने नाही.

या रिकाम्या वेळात एक उपयोगाचं काम मात्र झालं. सह्यांचं निवेदन सगळेच देतात. सही करणारा बसने जाणार आहे का, हे त्यातून कळत नाही. आम्ही घरोघर जाऊन वेगळी यादी केली: फोंड्यात काम किंवा शिक्षण कुठे, किती वाजता सुटता, आठवड्यात किती दिवस, आज कसे परतता, आठची बस असली तर मासिक पास काढाल का. "काढणार नाही" म्हणणाऱ्यांचंही उत्तर तसंच लिहिलं. दुकानातल्या मुली, एका इस्पितळातल्या परिचारिका, दोन सुरक्षारक्षक, क्लासची मुलं आणि भाड्याच्या खोल्यांत राहणारे कर्नाटकातून आलेले कामगार. ग्रामसभेत हे कामगार कधीच दिसत नाहीत, पण बसचे सर्वांत पक्के प्रवासी तेच निघाले. त्यांच्या खोल्यांवर गेलो नसतो तर आमची यादी निम्मी राहिली असती.

संयुक्त पाहणी जुलैच्या अखेरीस, धो धो पावसात झाली. अधिकारी रेनकोट घालून आले, आम्ही छत्र्या घेऊन. आमचा जुना थांबा आंब्याच्या झाडाखाली, वळणाच्या तोंडाशी. वाहतूक पोलिसांनी तिथे उभं राहून दाखवलं की वळणावरून येणाऱ्याला थांबलेली बस अगदी शेवटच्या क्षणी दिसते. त्यांचं म्हणणं, थांबा साठेक मीटर पुढे, मोरीच्या अलीकडे घ्या, तिथे रस्त्याला रुंदीही आहे. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. पण म्हाताऱ्या बायका रागावल्या. आंब्याखाली सावली आहे, बसायला दगड आहे, इतकी वर्षं काही झालं नाही, मग आता का? गाडेवाल्या बाईंचा चेहरा उतरला. त्यांचं सगळं गिऱ्हाईक बसची वाट पाहणारं, थांबा हलला की धंदा गेला. आणि आमच्यासाठी महिनाभर नोंदी ठेवणाऱ्या त्याच होत्या.

यावर आमच्या दोन बैठका झाल्या, आवाज चढले. शेवटी असं ठरलं: थांबा पुढे न्यायचा, पंचायतीने नव्या जागी निवारा बांधेपर्यंत पत्र्याचं छप्पर आणि बाकडं आम्ही वर्गणीतून करायचं, आणि गाडा नव्या थांब्याच्या मागे पंचायतीच्या जागेत हलवायला पंचायतीने हरकत घ्यायची नाही. हे शेवटचं आम्ही लेखी घेतलं. लोकांनी चालवलेल्या कामात ज्याचं पोट त्या जागेवर आहे त्याच्याशी आधी बोलणं, हे मला अर्जांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. त्यांना वाऱ्यावर सोडून मिळालेला थांबा मला नको होता.

आदेश ऑक्टोबरमध्ये निघाला. दिवाळीच्या आधी प्रत मिळाली. त्यात आमच्या वाड्याचं नाव आणि दोन्ही बाजूंचे दोन थांबे स्पष्ट लिहिलेले होते. एवढासा कागद, पण आम्ही सगळ्यांनी तो पुन्हा पुन्हा वाचला.

फलक नोव्हेंबरमध्ये लावला. फ्लेक्सचा स्वस्त पडतो, पण आपल्या पावसात आणि उन्हात तो एका वर्षात फिका होतो. आम्ही पत्र्यावर ऑइलपेंटने रंगवून घेतला. पेंटर, पत्रा, लोखंडी चौकट मिळून साडेचार हजार, छप्पर-बाकड्याला अकरा हजारांच्या आसपास. बहुतेक पैसे वर्गणीतून, थोडे देवस्थानच्या मंडळींनी दिले. पंचायतीची लेखी परवानगी आधी घेतली होती. मजकूर देवनागरीत आणि इंग्रजीत. आकडे तळहाताएवढे मोठे, कारण म्हाताऱ्यांना चष्म्याशिवाय दिसायला हवेत. मंजूर वेळापत्रकात फक्त सुटण्याची वेळ असते, आमच्या थांब्यावर पोचायची नसते. म्हणून सुटण्याची वेळ लिहून शेजारी "येथे सुमारे" असा दुसरा रकाना केला, तो आमच्या नोंदींवरून. ज्या फेऱ्या कागदावर आहेत पण धावत नाहीत त्या फलकावर घातल्या नाहीत. ज्या दिवशी एखाद्याचा फलकावरचा विश्वास उडतो, त्या दिवसापासून तो पुन्हा स्कूटरचा विचार करतो. खाली तारीखही टाकली आहे, म्हणजे वेळा जुन्या झाल्या की कळावं. मिनीबसच्या ज्या मालकांना आम्ही भेटलो होतो, त्यांनी स्वतः येऊन एका फेरीची वेळ दुरुस्त करून दिली.

आता रात्रीच्या फेरीबद्दल. कदंबकडे प्रस्ताव जुलैमध्येच दिला होता: ठराव, घरोघरची यादी आणि एक साधी विनंती की तीन महिने चालवून पाहा. सप्टेंबरमध्ये चर्चेला बोलावलं. समोरच्या अधिकाऱ्यांनी सह्यांच्या पानाकडे फारसं पाहिलं नाही, यादी मात्र ओळ न ओळ वाचली. आठ वाजता सुटणारे किती, साडेआठला किती, शनिवारी किती, असे बारीक प्रश्न विचारले. स्टँडवर रात्री मुक्कामाला असलेली एक गाडी एक फेरी जास्त करू शकते का, चालकाच्या कामाचे तास कसे बसतात, अशी आखणी त्यांच्याकडे व्हायची होती. त्याला वेळ गेला. खासगी गाड्या कदंबच्या छत्राखाली चालवण्याची 'म्हजी बस' योजना आहे, आणि पणजी शहरात 2024 पासून कदंबच्या इलेक्ट्रिक बस धावतात. आमच्यासारख्या अरुंद वाटेवर पुढे काय जमेल यावरही थोडं बोलणं झालं. अशा चर्चेला जाताना दोघांपेक्षा जास्त जाऊ नका, आणि जे ठरलं ते त्याच दिवशी पत्राने कळवून पोच घ्या.

जानेवारी 2025 मध्ये आठची फेरी प्रायोगिक म्हणून सुरू झाली. पहिल्या आठवड्यात बस जवळजवळ रिकामी होती. मला झोप लागत नव्हती. ज्यांनी पास काढू म्हटलं होतं तेही आधी बस टिकते का ते बघत होते, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? एकदा बंद पडलेली फेरी लोकांनी पाहिलेली होती. आम्ही पाळ्या लावल्या: रोज आमच्यातली दोन-तीन माणसं त्या बसने येणारच, काम असो वा नसो. खोल्यांवरच्या कामगारांना हिंदीत चिठ्ठ्या वाटल्या. बाजारातल्या दुकानदारांना वेळ सांगून आलो. फेब्रुवारीत बसायच्या जागा भरू लागल्या, शिगम्याच्या दिवसांत उभ्याने यावं लागलं. मार्चअखेर कळलं की फेरी चालू राहणार आहे.

शेजारीण आता साडेसातला दुकानातून निघते. साडेआठपर्यंत थांबता येत नाही, पण पगार थोडा वाढवून मिळाला. तिच्या मालकांनी बाकीच्या मुलींनाही आठच्या बसला सोडायचं मान्य केलं. माझा मुलगा बसने येतो. स्कूटरचा विषय अजून पूर्ण मिटलेला नाही, कारण रविवारचा प्रश्न शिल्लक आहे.

काय झालं नाही तेही लिहायला हवं. दुपारी अकरा ते एकची पोकळी तशीच आहे. नव्या थांब्यासमोर रस्ता ओलांडायला पांढरे पट्टे मागितले होते, ते अजून मारलेले नाहीत. निवाऱ्यासाठी पंचायतीच्या अंदाजपत्रकात तरतूद झाली आहे, काम व्हायचं आहे. बाहेर पडलेल्यांपैकी एकजण परतली, बाकीच्या नाहीत.

सुरुवात करणार असाल तर पैशांची चिंता करू नका, कागदपत्रांना सगळं मिळून हजार रुपयेही लागले नाहीत, त्यातलाही मोठा भाग झेरॉक्स आणि बसभाड्याचा. लागतो तो वेळ, आणि तो एकाच माणसाचा जाऊ नये. अर्ज एकीच्या नावाने, पाठपुरावा दुसरीकडे, नोंदी तिसरीकडे असं वाटून घ्या. सगळ्या कागदांची एक फाईल करा, वर तारीखवार यादी लावा. एखाद्या कार्यालयातली माणसं बदलली की तुमची फाईल हाच त्यांच्यासाठी मागचा इतिहास असतो. निवडणुकांचं वर्ष असेल तर आचारसंहितेचे महिने आधीच हिशेबात धरा, आणि पाहणी शक्यतो पावसाळ्याच्या आत करून घ्या.

रविवारच्या संध्याकाळच्या फेरीसाठी नव्या नोंदी आम्ही एप्रिलपासून सुरू केल्या आहेत. यावेळी रकाने कॉलेजच्या मुलांनी आखले, आणि जुलैच्या ग्रामसभेसाठीचा मसुदा कापडाच्या दुकानातली आमची शेजारीण लिहिते आहे.